बिरड्याची वाफ

ठाणे, भाद्रपद वद्य चतुर्दशी, शनिवार, तारे दिसल्यानंतर

श्रीमत् पलटणभूषण, निवृत्तवेतनभोगी, पत्नीच्या अनुमतीने स्वगृहचक्रवर्ती इलोजी हवालदार स्वहस्ते लिहितात की, आज भर शब्बाथी, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतिदिनी, दुपारच्या बिरड्यातून वाफ निघाली! शब्बाथी अग्नी पेटवणे निषिद्ध. बिरडे शिजले काल सूर्यास्तापूर्वी. मग वाफ कुठली? चुलीत फुंकर कोणी घातली? आमच्या पत्नी रेबेकाबाईंनीच. दुसरे कोण? आणि परवा सोमवारी नव्याच्या सणाला, आमच्या वर्षारंभी, प्रार्थनालयात शिंग वाजेल, तेव्हा अशा भ्रष्ट चुलीचा स्वामी म्हणून ईश्वराच्या न्यायासनापुढे उभा राहणार मी! राख उकरून शोध घ्यावा, तर तेही शब्बाथी वर्ज्य. दिवसभर ती वाफच डोळ्यांपुढे.

तारे दिसून शब्बाथ संपताच चूल उकरली. बाई म्हणाल्या, "अहो, काल उजेडीच निखाऱ्यांवर भाताचे तूस रचले होते. ते दिवसभर धुमसते. शब्बाथात या घरात पेटला तो फक्त तुमचा संशय!"

क्षमा मागितली. नव्या वर्षापूर्वी मागावीच लागते. तथापि, तूस इतका काळ धुमसते? आणि वाफ एवढी? असो. उकरताना राख माझ्या सणाच्या एकुलत्या शुभ्र अंगरख्यावर उडाली, आणि परीट येतो मंगळवारी.