मिलिंदचा पेनड्राईव्ह

मंगळ., ४ नोव्हें.
उदगीर. लॅपटॉप परत रखडला. विंडोज जुनी झाली, नवी या मशीनवर चढत नाही, नवा घ्या, इति दुकानदार. त्याचं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप काखेत मारून घरी आले. पुढच्या वर्षी रिटायर होणार, मग दिवसभर हाच सोबतीला. भंगारात देणार नाही.

कंधारच्या दाजींचा फोन. लेकीसाठी मिलिंदचं स्थळ त्यांनीच आणलं, त्यामुळे घाई त्यांनाच. "तारीख सांग सुनंदा, नांदेडवाले वाट बघून राहिले." म्हटलं, साखरपुडा डिसेंबरात धरा. प्रज्ञा त्याला लातुरात दोनदा भेटली. दुसऱ्यांदा भेटून घरी आली आणि भात मागून घेतला. मला तेवढं पुरलं.

चौकशी मी स्वतः केलीय. नांदेडला जाऊन, त्याच्या गल्लीतलं किराणा दुकान, मेडिकल, इस्त्रीवाला. मुलाची चौकशी मुलाच्याच मामाकडे करणारे महाभाग पाहिलेत मी. नंतर कपाळाला हात. इस्त्रीवाला म्हणाला, "पोरगं लई गुणी हाय. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." पास.

गुरु., ६ नोव्हें.
मिलिंदला लॅपटॉपचं सांगितलं होतं. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून. आज त्याने ओळखीच्या माणसासोबत पेनड्राईव्ह पाठवला. स्टँडवर जाऊन घेतला.

फोनवर: "काकू, यात विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची फाईल आहे. दुसऱ्या पेनड्राईव्हवर चढवायची आणि त्याच्यावरूनच मशीन चालू करायचं. आत काही टाकायचं न्हाई. आवडलं तर पुढचं बघू, न्हाई तर काढून घ्या. तुमचं जुनं हाय तसंच राहतंय."

म्हणजे पाहुणा ओसरीवर बसणार, चहा घेणार, माजघरात येणारच नाही. पटलं.

"पण आधी चेकसम जुळवा," हेही त्यानेच बजावलं. फाईलच्या शेजारीच ठेवला होता. चौसष्ट अक्षरं-आकडे. लॅपटॉपने काढलेली मी मोठ्याने वाचली, आमचे हे पेनड्राईव्हवरची कागदावर उतरवून पेन्सिलने टिकमार्क करत गेले. मध्येच "कशाला गं एवढं?" सांगितलं, फाईलमध्ये तिळाएवढा फरक पडला तरी ही सगळी अक्षरं बदलतात. शेवटपर्यंत जुळली. ह्यांना म्हटलं, जावई बघा कसा काटेकोर शोधलाय.

शुक्र., ७ नोव्हें.
चालू झालं! पहिल्या फटक्यात. जुनं मशीन पळायला लागलं. मराठी कीबोर्ड आत तयारच. लिनक्सवाल्यांना आपली एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. पुण्याच्या मैत्रिणीला लांबलचक मेल केला. स्थळाचं सगळं सविस्तर. मिलिंदच्या आईबद्दल दोन वाक्यं जरा तिखट झाली, पण मैत्रिणीजवळ नाही बोलायचं तर कुठं.

शनि., ८ नोव्हें.
प्रज्ञा सुट्टीला आली. लातूरच्या लॅबमध्ये दिवसभर रक्त-लघवी तपासते, त्यामुळे घरातही प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघायची सवय. मी कौतुकाने लिनक्स दाखवलं, चेकसम कसा जुळवला ते सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग:

"जुळवायला अक्षरं कुठली घेतलीस?"

"त्याच पेनड्राईव्हवरची."

"म्हणजे मुलाच्या मामालाच विचारलंस की."

हे हसले. मी नाही.

तिने मोबाईलवर लिनक्सची मूळ साईट उघडली, तिथला चेकसम काढला. आमच्या कागदाशेजारी धरला. पहिल्या अक्षरापासून वेगळा. फाईलचं नाव तेच, आवृत्ती तीच, आकडे भलतेच. मी म्हटलं, तुझा मोबाईल चुकत असेल.

रवि., ९ नोव्हें.
प्र.ने साईटवरून मूळ फाईल उतरवून घेतली. तिचा चेकसम साईटशी जुळला. म्हणजे मोबाईल बरोबर. मि.ची फाईल मोठी निघाली. तिच्यात कुणीतरी काहीतरी घातलंय.

मी म्हटलं, त्याला कुणीतरी फसवलं असेल, बिचारा. प्र. म्हणाली, त्यांनाच विचारू, आणि माझ्यासमोर फोन लावला.

मि. गडबडला नाही. "हाव, मीच बदलली. मराठी कीबोर्ड, फॉन्ट घातले, काकूंना सोपं जावं म्हणून. मग चेकसम नवा निघतो, तो शेजारी ठेवला."

मी प्र.कडे बघून हात उडवले. झालं समाधान?

"आणखी काय घातलंय?"



"एक प्रोग्राम. काकूंचं काही अडलं तर इथून स्क्रीन बघून सोडवता यावं म्हणून. एकदाही उघडला न्हाई मी."

"आईला सांगितलं होतं?"

"सांगणार होतो."

प्र.ने "बरं" म्हणून फोन ठेवला. मग मला मेलचा पासवर्ड बदलायला बसवलं, तिच्या मोबाईलवरून.

सोम., १० नोव्हें.
ती पहाटेच्या गाडीने गेली. जाताना एवढंच: "तारीख सध्या थांबव."

मला हे अति वाटतं. दारू नाही, उधारी नाही, भानगड नाही. सासूच्या लॅपटॉपची काळजी घेतली हा गुन्हा? विचारल्यावर खरं सांगितलं ना. लपवायचं असतं तर लपवलं नसतं? हे सगळं ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, "विचारल्यावर सांगितलं, ते खरं. पोरगी विचारायच्या आधीचं म्हणून राहिली."

मग तो मेल आठवला. मिलिंदच्या आईबद्दलची ती दोन वाक्यं. त्याने वाचली असतील? नाही म्हणतोय. आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग त्याचाच आला. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून मी मैत्रिणीशी बोलत होते.

बुध., १२ नोव्हें.
प्र.ने उतरवलेली मूळ फाईल दुसऱ्या पेनड्राईव्हवर चढवली, एकटीने. चालली. मराठी कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन स्वतः शोधावा लागला. सापडला. मला काय अवघड आहे.

दाजींना टोलवलं. ऑफिसात ऑडिट आहे, असं सांगितलं. ऑडिट नाहीये.

रवि., १६ नोव्हें.
मि. आला. न बोलावता, एकटाच, बसने. रविवारची प्र.ही घरी आली होती. मला वाटलं होतं सारवासारव करेल. तर खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काकू, चुकलं माझं. मला वाटलं सांगितलं तर तुम्ही नको म्हणाल." हे मात्र खरं बोलला. मी नकोच म्हटलं असतं.

वाईट मुलगा नाही हा. मी बोलणारच होते, जाऊ दे रे म्हणून. प्र. आधी बोलली.

"चुकलं ते ठीक. उद्या माझ्या फोनमध्ये असंच काही चांगल्यासाठी म्हणून टाकाल का?"

त्याच्या चहावर साय धरली. मग म्हणाला, "आत्ता न्हाई म्हटलं, तर तुम्ही ते कशावरून खरं मानणार?"

मला वाटलं, आता ही उठून आत जाईल. उठली नाही. उलट पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "म्हणूनच लगेच म्हणू नका."

जेवून गेला. प्र. त्याला स्टँडवर सोडायला गेली. गाडी सुटली असेल तरी ही अजून आली नाही. कसल्या चेहऱ्याने परत येते, काही सांगता येत नाही. गेल्या खेपेसारखं भातावरून ओळखायचं तर ताटात नेहमीएवढाच घेतला होता, ना जास्त ना कमी.

दाजींचा फोन आत्ताच येऊन गेला. पोरगा उदगीरला आलाय हे त्यांना कुठून कळतं कोण जाणे. "मग? धरायची का तारीख?"

म्हटलं, प्रज्ञाला विचारून सांगते.

"तिला काय विचारतीस? आजवर तूच ठरवत आलीस की सगळं."

"हाव," म्हटलं, "आजवर."