न फोडलेल्या गाठी

अमरावती, मार्गशीर्ष

तीर्थरूप आईले उकंड्याचा दंडवत.

आमी बापलेक खुशाल आहो. बाबाले थोडा खोकला आहे, पण तू घोर लावून घेऊ नको. तुये गुडघे कसे आहेत?

अमेरिकेतली लढाई थांबली अन् कापसाची तेजी बसली. पाणी मारून कापूस जड करणारी दुकानं बंद पडली. आपलं चालून राहिलं.

काल मुंबईचा व्यापारी सगळ्यायच्या गाठी फोडून पाहून राहिला होता. आपल्या गाठीवर तू घालून दिलेली गेरूची खूण दिसली, अन् त्यानं न फोडताच माल उचलला!

तेजीत बाबा पाणी माराले निघाले, तवा तू कापसाच्या गंजीवरच जाऊन बसली होती, आठवते? काल संध्याकाळी मातर बाबा तुयावानी नव्या गंजीवर सोताच जाऊन बसले.

तुया लेक,
उकंडा