माहेरी येण्याआधी हे वाच

कन्नड

प्रिय तनू,

सप्रेम जयभीम. रोज फोनवर बोलून वर आई पत्र काय लिहिते, म्हणून हसशील. हस. पण फोनवर हे सांगायला घेतलं की तू मध्येच 'असू दे गं आई' म्हणतेस आणि मी लगेच गप्प होते. गप्प बसायला मला निमित्तच हवं असतं. म्हणून रविवारी बाबा तुझ्याकडं येतील तेव्हा त्यांच्याजवळ हे पाकीट चिकटवून देतेय. आत काय आहे ते त्यांना ठाऊक नाही.

इथं तुझ्या बाळंतपणाची तयारी जोरात आहे. बाबांनी आठवडी बाजारातून डिंक आणला, खारीक आणली, खोबऱ्याच्या वाट्या तर इतक्या की शेजारची वच्छलाबाई म्हणाली, भाऊ दुकान टाकतात का काय. परवा त्यांनी माळ्यावरची बाज काढली आणि नवी सुतळी घेऊन विणायला बसले. तुझी ताई, रूपाली, बाळंतपणात याच बाजेवर निजली होती हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं असेल आणि बोलले नसतील. मी मात्र तिच्या बाळंतपणाच्या खोलीत जायचं टाळते. तनू, मला भीती वाटते. तू माझ्या हाताखाली येणार, याचीच भीती वाटते.

मागच्या आठवड्यात तू सांगितलंस, दवाखान्यातल्या सिस्टरनं तुला कागद दिलाय. बाळंत झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालायचं, तहान लागेल तेवढं पाणी प्यायचं, पालेभाज्या, डाळी, अंडी, फळं सगळं खायचं, श्वासाचे आणि पायाचे हलके व्यायाम करायचे, पोटाचे मात्र डॉक्टरांना विचारून. आणि मग म्हणालीस, त्या कागदाचं काय करायचंय, डॉक्टरांनीच तर माझ्या ताईला मारलं, मी तू म्हणशील तसंच करणार. तू लाडानं बोललीस. मी त्याच दिवशी हे पत्र लिहायचं ठरवलं.

ताई बाळंत होऊन माझ्याकडं आली तेव्हा तू शहरात होस्टेलला होतीस, म्हणून तुला त्या दिवसांतलं फारसं माहीत नाही. मला अंगणवाडीत तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. बाळंतिणीनं काय खावं, किती पाणी प्यावं, याचा तक्ता भिंतीवर मीच ठोकलेला. गावातल्या बायांकडून तो पाठ करून घ्यायची. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी माझ्या आईचा, म्हणजे तुझ्या आजीचा कायदा. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी कायदा तिचाच. बाळंतिणीला पाणी कमी, नाहीतर पोट सुटतं. पालेभाजी नको, बाळाला बाधते. सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही, अंग बाहेर येतं.

ती आजी तरुणपणी पाटलाच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन ताटकळायची. आपल्याला विहिरीला शिवायची बंदी, कोणी वरून ओतलं तर पाणी. तहान काय असते हे तिच्याएवढं कोणाला कळलं असेल? आणि तिनंच आम्हा बहिणींना बाळंतपणात घोट मोजून दिले. मीही रूपालीला तेच केलं. सकाळी अर्धा पेला, संध्याकाळी अर्धा, तोही उकळलेला. उन्हाळ्याचे दिवस आणि बाजेखाली शेगडी. आई, लई घसा कोरडा पडलाय, म्हणायची. एकदा कशीबशी उठून माठापर्यंत गेली. मी तिला रागावून परत आणून निजवलं आणि माठ पडवीत नेऊन ठेवला. मायेनंच केलं सगळं. पण मायेनं केलं म्हणून तिची तहान भागली नाही.

आता पुढचं लिहिते, ते चार वर्षांत कोणाजवळ बोललेले नाही. बाराव्या दिवशी रूपालीची डावी पोटरी सुजली. टणक झाली, हात लावला की कळवळायची. मला वाटलं वात धरलाय. मी तेल कोमट करून दोन दिवस दोन्ही वेळा ती पोटरी जोर लावून चोळली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास पुरेना. दवाखान्यात डॉक्टरांनी मला पहिलंच विचारलं, पायाला मालिश केली होती का? मी नाही म्हणाले. लेकीचा जीव जात होता आणि मी खोटं बोलले. तासाभरात ती गेली. बाबा डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले, सगळे म्हणाले दवाखान्यानं मारलं, तूही रडत तेच म्हणालीस, आणि मी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. पुढं आमच्या ट्रेनिंगला एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळंतीण नुसती पडून राहिली, पाणी कमी प्यायली तर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, आणि तो पाय चोळला तर ती सुटून छातीत जाऊ शकते. बाकीच्या बाया लिहून घेत होत्या, मी वही मिटून ठेवली. माझ्यामुळंच गेली का, हे कोणी शपथेवर सांगणार नाही. पण डॉक्टरांनी तिला मारलं नाही, हे मला माहीत आहे. आणि मी गप्प राहिले म्हणूनच आज तू त्यांचा कागद बाजूला टाकून माझ्या भरवशावर निघाली आहेस. यायचं की सासूबाईंकडं राहायचं, ते तू ठरव. नाही आलीस तर मी का म्हणून विचारणार नाही. आलीस तर तो कागद घेऊन ये, आणि त्यात नसलेली एकही गोष्ट माझं ऐकून करू नकोस. आणि पाय दुखला, तर मला हाक मारू नकोस. आधी दवाखाना गाठ.

तुझीच,
आई