कीटण : एक स्वतंत्र संशोधन

३ मार्च
खालचा पुढचा दात हलतो. जिभेने दोनदा खात्री केली. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.
सून दातांची डॉक्टर. परवा मी हसले तेवढ्यात तिने लांबूनच माझ्या तोंडात पाहिलं (आगाऊपणा!) आणि म्हणाली, आई, कीटण फार साचलंय, दवाखान्यात या, नाहीतर दात जाईल.
मी जाणार नाही. भीती अजिबात नाही. जन्मभर मुलींना केमिस्ट्री शिकवलेली बाई दात खरवडायच्या एका आकड्याला घाबरत नाही. पण सुनेपुढे आ वासून आडवं पडायचं? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स जांभईसुद्धा रुमालाआड द्यायला लावत.
निर्णय : कीटण कशाचं बनतं, का साचतं, हे मी स्वतः शोधणार. मग बघू कोण कोणाला शिकवतं.

५ मार्च
दातामागून नखाने नमुना खरवडला. पिवळट, वाळूसारखा. व्हिनेगरमध्ये टाकला. बारीक बुडबुडे! म्हणजे कार्बोनेट आहे. ह्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, किटलीच्या तळाशी बसतं तसंच का गं? मी म्हटलं, मध्ये बोलू नका. (तसंच आहे.)
सुनेलाही विचारलं, अगदी सहज. तिचं म्हणणं, आधी जंतूंचा थर बसतो, त्यात लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट मुरतं, मग त्याचा दगड होतो. आणि आई, तुम्ही दातांच्या मागून ब्रश फिरवत नाही.
जंतू? माझ्या तोंडात? बोलायची काही पद्धत!

८ मार्च
मोठा शोध. ह्यांची कवळी भिंगाखाली पाहिली. तिच्यावरही कीटण! म्हणजे दोष दातांचा नाही, ब्रशचा नाही, माझा तर नाहीच. दोष लाळेचा. लाळ काय, कोणालाही सुटते.
कवळी परत द्यायची राहिली. हे दुपारपर्यंत दुधात पाव बुडवून खात होते. तक्रार करत असावेत. शब्द कळले नाहीत.
दात जास्त हलतोय. पाणी पितानाही धस्स होतं.

१० मार्च
निष्कर्ष : कीटण हा गिलावा आहे. हलत्या दाताला त्यानेच धरून ठेवलंय. ते काढलं की दात गेला. म्हणजे दवाखान्यात न जाणं हेच शास्त्रीय.
सुनेला ऐकवलं. म्हणाली, आई, त्यानेच हिरडी सैल झाली, म्हणून तर दात हलतोय. हुशार आहे, पण हट्टी.
मुलगा म्हणाला, आई, घाबरलीस का? चांगला झापला. चहात साखर दोनदा पडली ती चमचा लहान असल्यामुळे.

१३ मार्च, सकाळी
टोस्ट खाताना कट्कन आवाज. जिभेवर काहीतरी टणक. दात! पडला! आरशात बघवेना.
पडलेला दात दुधात ठेवला तर परत बसवता येतो, असं वाचलंय. वाटीत दूध, दुधात दात, वर झाकण. हे गाडी काढताहेत. देवा, मागूनही ब्रश फिरवीन. रोज.

१३ मार्च, संध्याकाळी
सुनेने चिमट्याने दुधातून उचलून दिव्याखाली धरलं. म्हणाली, आई, हा कीटणाचा खडा आहे. दात जागेवर आहे.
मी म्हटलं, ठाऊक आहे. नमुना आणलाय.
तिने खुर्ची मागे पाडली. मी प्रार्थना सुरू केली, पण उघड्या तोंडाने नुसतं घुं घुं. उरलेलं कीटण निघालं. दुखलं नाही, ओरडले मात्र. बाहेरचे दोन पेशंट उठून गेले म्हणे. हलता दात तिने बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधून टाकला.
राहील ना गं, म्हणून विचारलं. म्हणाली, वर्षभरापूर्वी आला असतात तर नक्की म्हटलं असतं. आता प्रयत्न करू.
मागून ब्रश कसा फिरवायचा, ते विचारून घेतलं.
मग ती हळूच म्हणाली, आई, झालं सगळं, आता माझा हात सोडा.
सोडला. थोड्या वेळाने.