लाकूड नसलेली बंदूक

भिवंडी,
रविवार, १५ ऑक्टोबर १९९५

ती. रामदासदादास,
दामूचा जयभीम. आम्ही सगळी बरी आहोत. चंपाचा खोकला उतरला. कारखान्यात आठवडाभर दिवसाची ड्युटी आहे, त्यामुळे पहाटे उठून वंदना म्हणायला मिळते. कौसल्यावहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना अकलोलीच्या गरम कुंडावर चार दिवस ने.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं. मी बंदुका खाडीत टाकल्या तरच २९ तारखेला विहाराच्या नव्या सभागृहात बाचा फोटो लागेल तेव्हा त्याच्याजवळ उभं राहायचं, नाहीतर खारबावला येऊच नये, असं तू लिहिलंस. कमिटीचा अध्यक्ष म्हणून लिहिलंस की भाऊ म्हणून, ते कळलं नाही. उत्तर दोघांनाही एकच. टाकणार नाही.

आधी दसऱ्याचं सांगतो. वहिनी त्या दिवशी आल्या तेव्हा बंदुका जमिनीवर वर्तमानपत्रावर होत्या, शेजारी झेंडूचा हार होता आणि उदबत्ती जळत होती. त्यावरून दामू शस्त्रपूजा करतो, बावीस प्रतिज्ञा विसरला, असं गावभर झालं. दादा, वर्षात कारखान्यातले लूम बंद असतात ते दोन-तीनच दिवस. मला तेलपाणी करायला तेवढीच फुरसत. हार कारखान्यातला. तिथे प्रत्येक मशीनला घालतात, उरलेला माझ्यासारख्या फिटरच्या हातात देतात. चंपाने तो खिळ्याला लावायला घेतला होता. आणि उदबत्ती भगवंतांच्या मूर्तीपुढे होती, जशी रोज असते. आमची खोली एकच. तेल, झेंडू आणि बुद्ध वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची सोय माझ्याकडे नाही.

तू पंचशीलाची आठवण करून दिलीस. पहिलं शील मी रोज म्हणतो आणि पाळतो. या बंदुकांची नळी भरीव आहे, तिच्यातून राईचा दाणासुद्धा जाणार नाही. दंगलीनंतर झडती घ्यायला हवालदार आला होता, ते तुला कळवलं नव्हतं. चारही बंदुका बघून तो म्हणाला, "काका, या वयात कुठल्या लढाईला निघालात?" मग नळीत पेन्सिल घालून बघितली. ती जाईना तेव्हा हसत सुटला. "अरे, हे तर मुसळ हाय! काकूंना द्या, मिरच्या कुटतील." चंपा म्हणाली, "मी किती वर्षं तेच सांगतेय!" त्याने कागदावर 'शोभेच्या वस्तू' असं लिहून सही केली. तो कागद मी जपून ठेवला आहे.

पहिली मला त्र्याऐंशी साली मिळाली, नामा भंगारवाल्याकडे. सिनेमावाल्यांचं जुनं सामान त्याच्याकडे वजनावर आलं होतं. त्यात ही, जर्मन शिपायांची, खोटी. खांद्याला टेकवायचा दस्ता मोडलेला. बिजागरीची पिन मी लूमच्या पिनेतून घासून बसवली. दुसरी बोटीवरच्या केसरीनाथने जपानमधून आणली, जस्ताची, हुबेहूब. ती हातात घेतली की कळतं, बनवणाऱ्याने खऱ्या बंदुकीपुढे बसून काम केलं आहे. एकीच्या, गोळ्यांचं मॅगझिन बसतं त्या खाचेवर गोल भोक आहे, नंतरच्यांवर उभ्या पन्हळी. असले फरक बघत बसायला मला आवडतं. फिटरचा डोळा, दुसरं काय, असं मी लोकांना सांगतो.

तुलाही तेच सांगत आलो. ते पुरतं खरं नाही.

तू काढलेली निमंत्रणपत्रिका नामाच्या दुकानात बघितली. त्यात छापलंय, 'शूर सैनिक कोंडू यांनी इटलीत मशीनगन चालवून शत्रूची फळी कापली.' दादा, बा फौजेच्या पायोनियर कंपनीत, मजुरीच्या तुकडीत होता. रस्ते खणायचा, पिठाची पोती वाहायचा. त्याने एकही गोळी झाडली नाही. नदीकाठी एक जर्मन पोरगा त्याच्या छातीवर बंदूक धरून उभा राहिला आणि बाने पाठीवरचं पोतं टाकलं नाही. पोरगा बघत राहिला. मग त्याने बंदुकीचा दस्ता तिच्याच पोटाखाली दुमडला आणि ती बाच्या हातात दिली. बा पोतं, बंदूक आणि तो पोरगा, तिन्ही घेऊन छावणीत आला. तुला माणूस मारलेला बाप हवा आहे आणि पंचशील मला शिकवतोस?

आता जे आजवर कुणापुढे कबूल केलं नाही ते लिहितो. सत्तावन्न सालचा पंधरा ऑगस्ट. तू तेव्हा शाळा सोडून कामाला लागला होतास. गुरुजींनी बाला झेंड्यापुढे बोलायला बोलावलं. बाने ही गोष्ट सांगितली. "तिला लाकूडच नव्हतं," म्हणाला, "दस्ता लोखंडाचा, चाकूसारखा दुमडायचा." पाटलाचा भाऊ ओरडला, "लाकडाबिगर बंदूक? कोंड्या, छत्री पाहिली असंल तू!" सगळी शाळा हसली. गुरुजींनी मला उभं केलं. "काय रे दामू, बाप खरं बोलतो?"

मी म्हणालो, "न्हाय गुरुजी. तो ताडी पिऊन कायबी सांगतो."

बा ताडीला शिवत नव्हता. ते मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, टोपी घातली आणि निघाला.  घरी मला मारलंसुद्धा नाही. त्यानंतर चौदा वर्षं जगला, पण लढाईचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. तू मला विचारायचास, बा गप्प का राहतो. मी तुझ्यासमोर बसून भात खायचो.

नामाच्या दुकानात मी तो दस्ता उलगडून बघितला. लाकूड नव्हतं. जसं बाने सांगितलं होतं, अगदी तसं. एक मिळाल्यावर थांबता आलं असतं. थांबलो नाही. प्रत्येक नवी मिळाली की तिचा दस्ता आधी बघतो. चारही बाच्याच बाजूने बोलतात.

म्हणून २९ तारखेला मी येणार. जपानी बंदूक आणणार, कापडात न गुंडाळता, खारबाव स्टेशनपासून विहारापर्यंत हातात धरून, हवालदाराचा कागद खिशात ठेवून. विहाराच्या आत नेणार नाही, तेवढा मान मला कळतो. पायरीवर उभा राहून दस्ता उघडीन, दुमडीन आणि त्या दिवशी शाळेत मी काय बोललो ते गावाला सांगीन. त्या वेळी हसलेले अजून आठ-दहाजण गावातच आहेत. त्यांनी बघावं. ज्यांना हसायचं त्यांनी या वेळी मला हसावं.

तू हवं तर कमिटीतून माझं नाव काढ. पत्रिकेतली ती ओळ मात्र तूच खोड. नाही खोडलीस तर पायरीवरून तीही मीच खोडीन.

वहिनींना नमस्कार. माझ्या जेवणाची सोय करू नकोस, भाकरी बांधून आणतो.

बाला खोटं पाडलेला,
तुझा धाकटा भाऊ
दामू