दारावरचं लोखंड

३ जून
आलो एकदाचा. धुळ्याहून सकाळची एसटी, जळगावला गाडी बदलली आणि फैजपूरच्या अलीकडे उतरलो तर दोन्ही अंगांना केळीच केळी. मालक जीवराम नाना स्वतः मोटरसायकल घेऊन आले होते. दुपारी त्यांच्या घरी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असा बेत होता. मी हावरटासारखा जेवलो.

केळी पॅकिंगचं हे गोडाऊन नानांच्या वडिलांनी विटांत बांधलेलं, आणि मी इथला नवा सुपरवायझर. शेतातून घड येतात, बायका फण्या कापतात, तुरटीच्या पाण्यात धुतात, खोक्यात भरतात. कोकिळा अक्का त्यांची मुकादम. तिचा पाट मोठ्या दारातच असतो, कारण फणीवरचा डाग तिथल्याच उजेडात दिसतो. माझी हाडं मोजता येतात, सुपरवायझर व्हायच्या आधी जेवायला शिक, असं तिने सगळ्यांसमोर सुनावलं. मला ती आवडली.

५ जून
मोठं दार आज नीट पाहिलं. ट्रक आत यावा एवढं रुंद, वर लोखंडी गर्डर आणि गर्डरवर दहा हात विटांची भिंत. माझे वडील भिका गवंडी, त्यामुळे भिंत दिसली की मान वर जायची मला खोडच आहे. गर्डरच्या दोन्ही टोकांपासून भेग वर गेलीय, विटांच्या सांध्यासांध्याने, पायऱ्या पायऱ्यांनी. मधल्या विटा बोटभर पुढे आल्यात. आणि पावसाचा थेंब नसताना तिथून लाल पाणी गळतं. बायकांनी त्यावर हळदकुंकू वाहिलंय.

अक्का म्हणाली, दुपारी दार कुरकुरतं. आधीचा सुपरवायझर हितेंद्र ते ऐकून कपडेही न घेता गेला. मी हसलो.

संध्याकाळी वडिलांना फोटो पाठवला. ते हसले नाहीत.

"भाऊ, लोखंड पानी पीस, फुगस, आन् इट उचलस. तठे उभा ऱ्हाऊ नको."

७ जून
भेगेवर चार ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते, ही वडिलांची युक्ती. मग नानांना सांगितलं की आधी टेकू लावू, विटा उतरवू, गर्डर बदलू, दोन दिवसांचं काम आहे. नानांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

"चाळीस वर्षं झाली उभी हाये भिंत, भो. तू आला अन् पडाले लागली?"

हंगामात दार बंद ठेवलं तर माल आतच पिकेल म्हणे. गवंड्याच्या पोराने गवंडीकाम धुळ्याला करावं, इथे केळी बघावी, असंही म्हणाले. रागाने माझे कान तापले.

दुपारी कुरकुर मीही ऐकली. दाढेखाली खडा यावा तशी.

८ जून
चारही काचा तडकल्या. एका दिवसात.

११ जून
शिडी लावून वर चढलो. दारावरचं तोरण बाजूला केलं आणि भेगेत बोटं घातली. ओलं, खरबरीत काहीतरी हाताला लागलं. चाखून पाहिलं. मीठ. मूठभर नव्हे, भेग ठासून भरलेली, मोहरीसकट. त्यामागे गर्डर खारी बिस्किटासारखा पापुद्रे सुटून फुगलेला. एक पापुद्रा काढला, तर खाली दुसरा. घन लोखंड कुठे लागेचना.

अक्काला विचारलं. दर अमावास्येला दाराची दृष्ट काढतात. मीठ-मोहरी चुलीत न टाकता भेगेत भरतात, म्हणजे दाराचं दाराला मिळतं. कुरकुर वाढली तसं आता रोजच भरतात. मी ओरडलोच. मीठ पाणी ओढतं, त्याने लोखंड सडतं, तुम्ही रोज त्याला खाऊ घालताय. ती शांतपणे म्हणाली, इतकी वर्षं मिठानेच तर धरून ठेवलंय.

तिच्यावर किती रागावणार? मिठाचं पोतं नाना आणून देतात. पोतं देतात, टेकू देत नाहीत. ठाऊक आहे त्यांना, चांगलं ठाऊक आहे.

१४ जून
नानांनी भेगेवर सिमेंट थापून चुना मारला. दुपारपर्यंत चुना लाल. दार आता पूर्ण मिटत नाही, वरून दाबलं गेलंय.

मीठ बंद केलंय मी. तरी कुरकुर. आता सकाळीही.

१६ जून
अर्धी वीट पडली. अक्काच्या पाटावर, बरोबर मधोमध. ती पाणी प्यायला उठली होती.

वीट मी नानांच्या टेबलावर नेऊन आपटली. त्यांनी ती कचऱ्यात टाकली. बसायचं नसेल तर उद्यापासून येऊ नको, असं अक्काला म्हणाले. ती परत त्याच पाटावर बसली. घरी तिच्याशिवाय कमावतं कोणी नाही.

हरामखोर. लिहिलंय, खोडणार नाही.

१७ जून, सकाळी
खुर्ची घेऊन मीच बसलोय दाराखाली. पाट माझ्या पायाशी. नानांना सांगितलं, माझ्यावर पडली तर पडू दे, पण मी इथे असेतो अक्का इथे बसणार नाही आणि ट्रकही आत येणार नाही. बायका अंगणात झाडाखाली उभ्या.

साडेअकरा
नाना नमले. टेकू निघालेत सावद्याहून. पण ट्रक गेटवर उभा आहे, ड्रायव्हर गाडीत बसलाय. मी उठलो तर टेकूंच्या आधीच माल भरायला लावतील. ओळखलंय मी त्यांना. उठणार नाही.

सव्वाबारा
पानावर लाल भुकटी पडतेय. फुंकतो, परत पडते. आवाज थांबत नाही आता — वर कोणी दात —

टेकूचा टेम्पो दिसतोय. रस्त्यावर. आलाच.

अक्का येतेय. इकडे का — एका हाताने शिडी ओढतेय. दुसरी मूठ बंद. म्हणतेय, पोरा, तू खाली बसलास म्हणून तर दृष्ट काढायला हवी, एकच मूठ —

नको म्हणतोय मी. ऐकत नाही. चढली. भेगेत हात घातलाय तिने, पार कोपरापर्यंत — अक्का, उतर, आधी खाली उ—