स्वच्छ नमुना

४ नोव्हेंबर
नवी नोकरी, नवं गाव, खिडकीबाहेर मका कापून मोकळी झालेली शेतं! नेब्रास्काच्या बोचऱ्या वाऱ्याचंही आज कौतुक वाटलं. ऑरव्हिल स्ट्रँड यांच्या ट्रक कंपनीत चालकांच्या नशा-तपासणीचं काम आता माझ्याकडे. सोडतीत नाव निघेल त्यानं लगेच लघवीचा नमुना द्यायचा. नमुन्यात कुणी पाणी मिसळू नये म्हणून मी नळाला चिकटपट्टी लावायची, संडासात निळं पाणी टाकायचं आणि दाराबाहेर उभं राहायचं. लोक हसतील या कामाला. पण माझी धाकटी बहीण मेव्हिस गोळ्या खाऊन ट्रक हाकणाऱ्याच्या चाकाखाली गेली. असा एक जरी माणूस मी रस्त्यावरून उतरवला, तरी इथे आल्याचं सार्थक होईल.

ऑरव्हिलनी माझीही तपासणी करून घेतली. खूश झाले. म्हणाले, रोवेनाबाई, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही? असं माणूस शोधून सापडत नाही हो!

७ नोव्हेंबर
चालक मला शू-मावशी म्हणतात. डेलमरनं आज कप घेताना विचारलं, मावशी, नुसतं बघणार की चवही घेणार? सगळे खिदळले. मलाही हसू आवरलं नाही. दुपारी चिली, म्हणजे इथला तिखट खिमा-राजमा, आणि दालचिनीचे गोड पाव सगळ्यांनी मिळून खाल्ले.

नमुना अंगाइतका कोमट आहे की नाही, ते कपावरची पट्टी सांगते. सगळे कोमट. प्रयोगशाळेचे निकालही सगळे स्वच्छ. माझ्याआधी हे काम इडेला बघायची. ती लेकीकडे राहायला गेली म्हणतात.

१४ नोव्हेंबर
डेलमर न झोपता देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आला. स्वतःच फुशारकी मारत होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, जबडा सारखा हलतोय. निकाल मात्र स्वच्छ. मला बरं वाटायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर
आज न विचारता दार उघडलं. डेलमरच्या काखेत चिकटपट्टीनं बांधलेली बाटली होती, ऊब राहावी म्हणून. तो दचकलासुद्धा नाही. म्हणाला, मावशी, आमच्या सगळ्यांची गाय एकच.

ऑरव्हिलना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, नमुना स्वच्छ आहे ना? मग कुणाचा का असेना.

२० नोव्हेंबर
ट्रक धुण्याच्या शेडमागे एक खोली आहे. बाहेरून कडी. आतून कण्हणं ऐकू आलं, म्हणून आज ती काढली.

आत खाटेवर इडेला; नाव तिनंच सांगितलं. पाय सुजून खांबासारखे, भोवती पाण्याचे कॅन. तिची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. औषध दिलं तर नमुन्यात उतरेल, म्हणून औषध नाही. मी तिचा हात धरला, तर तिनंच तो झटकला. म्हणाली, पळ गं बाई, त्यांनी आता तुला —

मागे दार लागलं. कडीचा आवाज आला.

२३ नोव्हेंबर
इडेला सकाळी उठली नाही. ताडपत्रीत गुंडाळून नेली. मी तिचे केस तेवढे विंचरले होते.

वही स्वेटरच्या खिशात होती, म्हणून राहिली.

आता कॅन माझ्यापुढे. पाणी नको म्हटलं की डेलमर नाक दाबतो.

२६
आतून सगळं ऐकू येतं. एकेक ट्रक निघतो. प्रत्येकाला माझ्या अंगानं परवाना दिलेला. पुढे रस्त्यावर कुणाची तरी मेव्हिस —

२८
उद्या बाहेरून सरकारी तपासनीस येणार, सगळ्या चालकांचे नमुने एकदम घ्यायला. सगळ्यांच्या बाटल्यांत माझंच.

पाणी पाजताना डेलमरशी झटापट केली. मुद्दाम. त्याच्या जाकिटातली जागं राहायच्या गोळ्यांची डबी आता माझ्या मुठीत आहे. माझ्यात नशा निघाली, तर त्या सगळ्यांच्यात निघेल. एकही ट्रक हलणार नाही.

आयुष्यात एक गोळी घेतली नव्हती मी.

२९
सगळ्या गिळल्या. कडू. हात थांबत नाही — अक्षरं पळतात — छातीत कुणीतरी दार ठोकतंय —

नाही, दार खरंच. डेलमर. रिकामा कॅन आत सरकवला. भर गं मावशी लवकर, पोरं ताटकळलीत —

भरते. भरते रे बाळा. डोळ्यांपुढे पांढरं — पडायचं नाही, आधी हे — कुणालाही कमी पडू नये, सगळ्यांना पुरेल इतकं —